चित्रपटाच्या डिस्कवरून स्थिरचित्र काढायचंय, सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात जुन्या व्हीसीडी-डीव्हीडींचा गठ्ठा आहे, त्यातल्या एखाद्या दृश्याचं चित्र हवंय, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. कुणाला दिवाळी अंकातल्या लेखासाठी हवं असतं, कुणाला फिल्म क्लबच्या व्याख्यानासाठी. कुणाचे आजोबा कोल्हापूरच्या स्टुडिओत गर्दीच्या एका प्रसंगात उभे राहिलेले असतात आणि त्यांचा तरुणपणचा दुसरा फोटोच घरात नसतो. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

थेट सांगा, कुठलं घेऊ?

विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, आधी व्हीएलसी घ्या. फुकट आहे, व्हीसीडी-डीव्हीडी दोन्ही चालवतं आणि चित्र काढायची सोय त्यातच आहे. महिन्यातून चार-पाच चित्रं लागत असतील तर यापुढे जायची गरज नाही.

एकेका फ्रेमसाठी (चित्रपटातल्या एकेका सुट्या चित्रासाठी) हट्ट धरणारे असाल, म्हणजे पापणी मिटायच्या आधीचीच फ्रेम हवी असेल, तर एमपीव्ही हा प्लेअर. शेकड्यांनी चित्रं हवी असतील तर आज्ञा लिहून चालवायचं एफएफएमपेग. बाकीच्यांची नावं पुढे येतील, पण पैसे देऊन विकत घ्यावं असं या कामासाठी मला आजवर काही दिसलेलं नाही.

कीबोर्डवरच्या प्रिंट स्क्रीनने काम होत नाही का?

होतं, पण जे मिळतं ते डिस्कवरचं चित्र नसतं, तुमच्या पडद्याचं चित्र असतं. डीव्हीडीची फ्रेम ७२० × ५७६ पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची. ती प्लेअरने ताणून तुमच्या पडद्याएवढी केली, वर ग्राफिक्स कार्डाने रंग जरा भडक केले, आणि तुम्ही त्याचा फोटो घेतलात. आकार मोठा दिसतो, तपशील तेवढाच राहतो. शिवाय पॉजचं चिन्ह, माऊसचा बाण, खालची पट्टी हे सगळं चित्रात येतं ते वेगळंच.

चांगलं सॉफ्टवेअर फ्रेम उलगडल्यावर, पडद्यावर जायच्या आधीच, ती फाइलमध्ये उतरवतं. निवड करताना पहिली अट हीच ठेवा.

विंडोज एक्सपीच्या काळात तर याची गंमत होती. प्रिंट स्क्रीन दाबून पेंटमध्ये चिकटवलं की आत चित्रपट चक्क चालू दिसायचा! प्लेअर बंद केला की तिथे नुसता काळा चौकोन. तेव्हा व्हिडिओ ‘ओव्हरले’ नावाच्या वेगळ्या थरावर रंगवला जायचा. विंडोजच्या लेखी त्या जागी फक्त एक ठरावीक रंग असायचा आणि ग्राफिक्स कार्ड त्या रंगावर चित्रपट दाखवायचं. पेंटमध्ये तोच रंग चिकटवला की तिथेही चित्रपट! आज तो थर सहसा आड येत नाही. पण ब्लू-रेच्या संरक्षित प्लेबॅकमध्ये आणि मॅकच्या स्वतःच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये स्क्रीनशॉट अजूनही अडवला जातो.

व्हीएलसीत चित्र कसं काढायचं?

विंडोज आणि लिनक्सवर शिफ्ट आणि एस, मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस. चित्र ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये पडतं. आधी प्रेफरन्सेसमधल्या व्हिडिओच्या पानावर जाऊन पीएनजी (दर्जा न घटवता चित्र साठवणारा फाइलचा प्रकार) निवडलेलं आहे ना हे बघा, आणि फाइलच्या नावाआधी चित्रपटाचं नाव लागेल अशी सोय करून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी साठ फायली समोर असतात आणि कुठली कशातली ते कळत नाही.

पॉज करून ई दाबत राहिलात तर फ्रेम एकेक करून पुढे सरकते. व्हीएलसीच्या तिसऱ्या आवृत्तीत मागे मात्र सरकता येत नाही. हवी ती फ्रेम निसटली की दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा ई, ई, ई. या एका कारणासाठी मी एमपीव्हीकडे वळलो. त्यात पूर्णविरामाच्या कळीने एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाच्या कळीने एक फ्रेम मागे जाता येतं. लहान एस दाबला की सबटायटलसकट चित्र, कॅपिटल एस दाबला की सबटायटलशिवाय. एमपीव्हीत मेनू आणि बटणं जवळपास नाहीतच, पहिले दोन दिवस चिडचिड होते. नंतर सवय होते.

विंडोजवर एमपीसी-एचसी हाही जुना, हलका पर्याय आहे. त्याचं मूळ काम २०१७ साली थांबलं, पण दुसऱ्या विकसकांनी ते पुढे चालू ठेवलंय. ऑल्ट आणि आय दाबून चित्र साठवता येतं. आख्ख्या चित्रपटातली चित्रं एकाच तक्त्यात मांडून देण्याची त्याची सोय व्याख्यानाची तयारी करताना फार उपयोगी पडते. सलग चित्रं काढायची असतील तर पॉटप्लेअरमध्येही सोय आहे.

चित्रातली माणसं उभट किंवा जाडी का दिसतात?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माझा एक लेख छापून आला तेव्हा त्यातली नायिका काठीसारखी दिसत होती. चित्र मीच पाठवलेलं होतं, त्यामुळे तक्रार करायला कुणी उरलं नव्हतं.

डीव्हीडीवरचे पिक्सेल चौरस नसतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत प्रत्येक फ्रेम ७२० × ५७६ अशीच साठवलेली असते, मग चित्रपट जुना ४:३चा (रुंदी ४ तर उंची ३, या प्रमाणाचा) असो वा रुंद १६:९चा. बघताना प्लेअर ती हव्या त्या आकारात ताणतो: ४:३ असेल तर ७६८ × ५७६ आणि १६:९ असेल तर १०२४ × ५७६. सॉफ्टवेअरने न ताणता तशीच साठवली तर रुंद चित्रपटातली माणसं काठ्या होतात. अमेरिकी एनटीएससी पद्धतीत फ्रेम ७२० × ४८०ची. तिथे ४:३चा चित्रपट न सुधारता साठवला तर उलटं होतं, सगळ्यांचे गाल फुगतात.

व्हीएलसी आणि एमपीव्ही हे ताणण्याचं काम स्वतः करतात. एफएफएमपेगला मात्र ते सांगावं लागतं. इतर कुठलं सॉफ्टवेअर घेतलंत तर पहिलं चित्र काढून त्याची मापं बघा: ७२० × ५७६ आली तर समजा की सुधारणा झालेली नाही. मग फोटो संपादनाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रुंदी बदला, उंचीला हात लावू नका. खात्री करायची तर दृश्यात गोल वस्तू शोधा. घड्याळ, बैलगाडीचं चाक, कपाळावरचं मोठं कुंकू, काहीही चालेल.

आणि हो, भारतात पाल असलं तरी घरातली डिस्क पालच असेल असं धरून चालू नका. परदेशातल्या प्रेक्षकांना डोळ्यासमोर ठेवून काढलेल्या हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससीत आहेत. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबा, फ्रेमची मापं आणि सेकंदाला किती फ्रेम ते दोन्ही दिसतं. २५ म्हणजे पाल, २९.९७ म्हणजे एनटीएससी.

हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटल्यासारखं दिसतं. डिस्क खराब आहे का?

डिस्क ठीक आहे. जुन्या टीव्हीसाठी चित्र दोन अर्ध्या भागांत पाठवलं जायचं: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. या दोन अर्ध्यांना फील्ड म्हणतात. दोन फील्डमध्ये क्षणाचा फरक असेल आणि तेवढ्यात हात हलला असेल, तर दोन्ही एकत्र करताच कडेला दात दिसतात.

उपाय डिइंटरलेसिंगचा, म्हणजे दोन फील्डमधून दात नसलेलं एक चित्र बनवण्याचा. व्हीएलसीत आणि एमपीव्हीतही डी या कळीने ते चालू-बंद होतं. चालू करा, मग चित्र काढा. एफएफएमपेगमध्ये यासाठी याडिफ आणि बीडब्ल्यूडिफ ही दोन फिल्टरं आहेत. दुसरं जरा सरस.

पण विनाकारण चालू ठेवू नका. चित्रपट मुळात सेकंदाला २४ पूर्ण फ्रेमवर चित्रित होतो. पाल डीव्हीडी नीट बनवलेली असेल तर तो नुसता थोडा वेगात, सेकंदाला २५ने चालवलेला असतो आणि प्रत्येक फ्रेम अखंड असते. तिथे डिइंटरलेसिंग लावलं तर हातचा तपशील जातो. एनटीएससीत २४च्या ३० करण्यासाठी काही फील्ड पुन्हा वापरलेली असतात, त्यामुळे पाच फ्रेमपैकी साधारण दोनांत दात आणि तीन स्वच्छ असा क्रम येतो. सरळ एक-दोन फ्रेम पुढे सरका, स्वच्छ सापडेल.

आता वाईट बातमी. काही डिस्क पालवरून एनटीएससीत किंवा उलट, स्वस्तात रूपांतर करून काढलेल्या आहेत. त्यांच्या फ्रेममध्ये दात नसतात, एकाच माणसाच्या दोन पुसट सावल्या एकमेकींवर पडलेल्या असतात. दोन क्षण एकत्र मिसळून गेलेले आहेत, ते कुठलंही सॉफ्टवेअर वेगळे करू शकत नाही. पात्र स्थिर उभं राहील तो क्षण शोधा किंवा दुसरी डिस्क शोधा.

सलग फ्रेममध्ये एक स्पष्ट आणि पुढची बुळबुळीत, असं का?

डीव्हीडीवर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. साधारण दर बारा-पंधरा फ्रेमांतली एक संपूर्ण असते, तिला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या-पुढच्यापेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवलेलं असतं. जागा कमी पडली की पहिली काटछाट या मधल्यांवर होते. म्हणून एकच आयतं चित्र घेऊन थांबू नका. हव्या त्या क्षणाच्या आसपासची दहा-बारा काढा आणि मोठी करून शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक बघून चकित व्हाल.

‘एका डिस्कमध्ये तीन चित्रपट’ असा प्रकार घरात असेल तर अपेक्षा आधीच कमी ठेवा. दुहेरी थराच्या डीव्हीडीवर ८.५ जीबी मावतात. अडीच-अडीच तासांचे तीन चित्रपट त्यात कोंबले तर सेकंदाला सरासरी अडीच मेगाबिटच वाट्याला येतात, तेही आवाज धरून. डीव्हीडीच्या व्हिडिओला ९.८पर्यंत मुभा आहे. गाण्यांत, गर्दीत, पावसात चौकोन-चौकोन दिसतात ते यामुळे. तोच चित्रपट एकट्याने असलेली डिस्क जुन्या बाजारात मिळाली तर दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा तिचा उपयोग जास्त.

व्हीसीडीवरून चांगलं चित्र निघेल का?

खरं सांगू? नाही. व्हीसीडीची फ्रेम ३५२ × २८८ची, म्हणजे पाल डीव्हीडीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी पिक्सेल. पण काही मराठी चित्रपट व्हीसीडीखेरीज कुठे मिळतच नाहीत, तेव्हा जे आहे ते काढून ठेवावंच. डिस्कवर ‘एमपेगएव्ही’ नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल व्हीएलसीत उघडा. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली सबटायटल असतील तर ती चित्रातच भाजलेली असतात, बंद करता येत नाहीत. डीव्हीडीवर सबटायटल वेगळी असतात, काढण्याआधी बंद करा.

कृष्णधवल चित्रपटासाठी एक सोपी युक्ती. व्हीसीडीवर आणि काही डीव्हीडींवरही पांढऱ्या धोतरावर निळसर-गुलाबी डाग नाचताना दिसतात. जुन्या टेपवरून उतरवताना शिरलेला तो कचरा आहे. चित्र ग्रेस्केल केलं की एका झटक्यात जातो.

ब्लू-रेचं काय?

चित्र अप्रतिम निघतं, वाट जरा खडतर आहे. फ्रेम १९२० × १०८०, पिक्सेल चौरस, बहुतेक चित्रपट सेकंदाला २४नेच साठवलेले, त्यामुळे वरची निम्मी डोकेदुखी उरतच नाही. पण ड्राइव्ह ब्लू-रेचाच लागतो, डीव्हीडीचा चालत नाही, आणि व्हीएलसी कुलूपबंद (नक्कल करता येऊ नये म्हणून सांकेतिक केलेली) ब्लू-रे आपण होऊन उघडत नाही. लोक यासाठी सहसा मेकएमकेव्ही वापरतात: ते डिस्कवरचा चित्रपट दर्जा न घटवता एका फाइलमध्ये उतरवतं, मग ती फाइल एमपीव्हीत उघडायची. डीव्हीडीसाठीही हाच मार्ग बरा, कारण फाइलवर मागे-पुढे सरकणं डिस्कपेक्षा कितीतरी सोपं असतं आणि ड्राइव्हची घरघरही थांबते. कुलूप उघडण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते खाली आहे, ते वाचून ठरवा.

४के ब्लू-रेचे रंग सहसा एचडीआर पद्धतीचे, म्हणजे जास्त उजेड दाखवणाऱ्या खास पडद्यांसाठीचे असतात. साध्या प्लेअरने चित्र काढलं तर ते राखेने माखल्यासारखं फिकट येतं. एमपीव्ही ते साध्या पडद्यासाठी बऱ्यापैकी उतरवून देतं.

आख्ख्या चित्रपटातून आपोआप चित्रं काढता येतील?

एफएफएमपेग. त्याला खिडकी नाही, बटण नाही, आज्ञा लिहावी लागते. एकदा लिहून ठेवली की जन्मभर पुरते. दर दहा सेकंदांनी एक म्हटलं तर दोन तासांच्या चित्रपटातून ७२० चित्रं निघतात, आणि ती चाळायला अर्धा तास पुरतो. फक्त आय-फ्रेम मागितल्या तर दर्जा उत्तम, पण पाल डीव्हीडीतून पंधरा हजारांच्या आसपास फायली पडतील. आधी हार्ड डिस्कवर जागा बघा. दृश्य बदललं की एक चित्र, असंही सांगता येतं. चित्रपटातल्या दृश्यांची मोजदाद करणाऱ्या विद्यार्थ्यांना ते फार कामाचं.

पीएनजी की जेपेग?

पीएनजी. डिस्कवर एकदा काटछाट झालेलीच आहे, जेपेग करून पुन्हा कशाला? डीव्हीडीचं एक चित्र पीएनजीत फार तर एक-दीड एमबीचं होतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर प्रत करून जेपेग करा, मूळ राहू द्या.

छापायला किती मोठं चालेल?

छपाईवाले इंचाला ३०० ठिपके मागतात. त्या हिशेबाने १०२४ पिक्सेल रुंदीचं डीव्हीडीचं चित्र साधारण पावणेनऊ सेंटिमीटर रुंद छापता येतं, म्हणजे मासिकाचा एक स्तंभ. ब्लू-रेचं सोळा सेंटिमीटर. मुखपृष्ठ करायचं मनात असेल तर डिस्कचा नाद सोडा आणि प्रसिद्धीसाठी काढलेले मूळ फोटो शोधा. ते चित्रीकरणाच्या वेळी वेगळ्या कॅमेऱ्याने काढलेले असतात आणि बरेच मोठे करता येतात. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, १९६४ साली सुरू झालेल्या, असे फोटो आणि पोस्टर जपलेले आहेत.

एआयने चित्र स्पष्ट करून घेऊ का?

आजोबांच्या फोटोसाठी करून बघायला हरकत नाही, पण जो चेहरा मिळेल तो आजोबांचाच असेल असं समजू नका. वीस पिक्सेलच्या चेहऱ्यात डोळ्यांचा तपशील नसतोच. यंत्र तो कल्पनेने भरतं. लेखात किंवा अभ्यासात असं चित्र वापरणं मला पटत नाही. त्यापेक्षा पात्र आणि कॅमेरा दोन्ही स्थिर असतील तिथल्या सलग आठ-दहा फ्रेम काढा आणि फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी घ्या. दाणे आणि चौकोन बरेच विरतात, आणि जे उरतं ते खरोखर फिल्मवर असतं.

हे कायदेशीर आहे का?

मी वकील नाही, कायद्यात लिहिलंय तेवढं सांगतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १४मध्ये, चित्रपटातल्या एखाद्या प्रतिमेचा फोटो हीदेखील चित्रपटाची प्रतच मानली आहे. म्हणजे ‘एकच तर फ्रेम घेतली’ हा बचाव नाही. पण कलम ५२ खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी रास्त वापराला मुभा देतं. परीक्षणात दोन चित्रं आणि टी-शर्टावर नायकाचा चेहरा छापून विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ डिस्कचं कुलूप तोडण्याबद्दल आहे. हक्कभंगाच्या हेतूने तोडणं हा गुन्हा, मात्र कायद्याने मना न केलेल्या कामासाठी त्यात सवलत ठेवली आहे. अमेरिकेत याबाबत कायदा जास्त कडक आहे, तिकडच्या मंडळींनी आपापल्या देशाचं बघावं.

चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. त्यामुळे प्रभातच्या तीसच्या दशकातल्या चित्रपटांना ही मुदत आड येत नाही.

चित्राखाली वेळ लिहायची तर कुठली?

डिस्क कुठली तेही लिहा. पाल डीव्हीडीवर चित्रपट चार टक्के वेगात धावतो. दोन तासांचा चित्रपट एकशे पंधरा मिनिटांत संपतो. तीच फ्रेम ब्लू-रेवर तासाभरानंतर अडीच मिनिटं पुढे सापडते. मी फाइलच्या नावातच ‘पाल’ किंवा ‘ब्लूरे’ टाकतो.

लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्या, साधाही चालतो. विंडोज ८पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजसोबत येत नाही, म्हणून ‘ड्राइव्ह बिघडलाय’ असं वाटून परत करायला धावू नका, आधी व्हीएलसी टाकून बघा. डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

भावाने अमेरिकेतून डीव्हीडी पाठवली, ड्राइव्ह क्षेत्र बदलायला सांगतोय. बदलू का?

थांबा. डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी हे ठरवायला जगाची क्षेत्रं पाडलेली आहेत: भारत क्षेत्र ५मध्ये, अमेरिका १मध्ये. ड्राइव्हचं क्षेत्र पाचच वेळा बदलता येतं, पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथेच ते कायमचं अडकतं. व्हीएलसी बऱ्याच ड्राइव्हवर क्षेत्र न बदलताही डिस्क उघडतं, आधी तो प्रयत्न करा. नाहीच जमलं आणि तिकडून डिस्क वरचेवर येत असतील, तर दुसरा स्वस्तातला ड्राइव्ह घेऊन तो कायमचा १वर ठेवा. माझ्याकडे तसे दोन आहेत, एकावर मार्करने ‘अमेरिका’ असं लिहिलंय.